चौदाव्या घराची पाळी

आगुश्तीन रेबेलोला वर्षातले छप्पन्न दिवस सक्तीचे होते. बावन्न रविवार, नाताळ आणि पंधरा ऑगस्टचं सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त, हे चौपन्न चर्चचे. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि एकोणीस डिसेंबरचा मुक्तिदिन, हे तीन सरकारचे. बेरीज सत्तावन्न होते, पण पंधरा ऑगस्ट दोन्हीकडे असल्यामुळे एक दिवस वजा करावा लागतो. बाकीच्या छप्पन्नांत कधी काही अडचण आली नाही. वजा केलेला जो दिवस, त्याचीच ही हकिगत आहे.

आगुश डिचोली तालुक्यात, मयेच्या पलीकडे फणसवाड्यावर राहायचा आणि तिथल्याच सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिपाई होता. चौथीपर्यंत तो त्याच शाळेत शिकला. नंतर बाहेर दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या करून एक्क्याण्णव साली तिथेच परत आला, तेव्हा त्याला शिकवणाऱ्या बाईंपैकी एक अजून वर्गावर होत्या आणि त्यांनी त्याला पहिल्या दिवशी फळा पुसायला सांगितला. घरात तो कोंकणी बोलायचा, प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीतलं वाचायचा आणि शाळेची परिपत्रकं मराठीत लावून ठेवायचा. तिन्ही कामांत त्याने कधी गल्लत केली नाही.

शाळेचा झेंडा हे त्याचं काम. नेमून दिलेलं नव्हे, पण झालेलं. आदल्या संध्याकाळी तो अबोलीची फुलं आणून वर्तमानपत्रावर पसरायचा. सकाळी झेंड्याची घडी घालून, आत कोरडी फुलं भरून, वरून दोरीचा असा फास द्यायचा की पाहुण्यांनी एक झटका दिला की झेंडा सुटलाच पाहिजे. चौतीस वर्षांत त्याचा झेंडा अडकला नाही. एका वर्षी त्याला डेंग्यू झाला होता, त्या वर्षी गुरुदास मास्तरांनी घडी घातली. मास्तरांनी पावसात भिजलेली जास्वंद भरली आणि सुटू नये म्हणून गाठीवर आणखी एक गाठ मारली. पाहुण्यांनी झटका दिला, मग दुसरा दिला, मग मास्तरांनी दिला. शेवटी झेंडा खाली उतरवून सोडवावा लागला, आणि आतून लाल लगदा पडला. मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. तो खुलासा डिचोलीच्या कार्यालयात नेऊन देणारा आगुशच होता, अंगात कणकण असताना. बाई बसच्या थांब्यापर्यंत त्याच्यासोबत चालत आल्या होत्या .

पूर्वी पंधरा ऑगस्टची सोय सरळ होती. फणसवाड्याच्या कोपेलात, म्हणजे छोट्या चॅपलमध्ये, साडेसहाला मीस व्हायची, फेस्ताची मोठी प्रार्थना. आगुश ती ऐकून, ओल्या वाटेने, साडेसातला शाळेत हजर व्हायचा. आधी सायबीण, मग झेंडा. पुढे एका फादरकडे चार कोपेलं आली. फादर एलियाझार यांना पंधरा ऑगस्टला सकाळी सातला चर्चच्या शाळेत स्वतःच झेंडा फडकवावा लागे, आणि मगच ते कोपेलांच्या फेरीला निघत. अशा रीतीने झेंडा आधी आणि सायबीण मग असा क्रम लागला, तोही फादरांचाच.

आता कणसाविषयी सांगायला हवं.

फणसवाड्यावर त्या दिवशी नव्या भाताचं कणस आशीर्वाद देऊन कापतात. कोपेलातून मिरवणूक शेतावर जाते, फादर पुस्तकातून प्रार्थना म्हणतात, शेतावर पाणी शिंपडतात, आणि वर्षाचा प्रेझेंत, म्हणजे फेस्ताचा यजमान, ओपमूस नावाचा लाल मानाचा झगा खांद्यावर घालून विळ्याने पहिली पेंढी कापतो. ती कोपेलाच्या वेदीवर, आल्तारावर, ठेवली की मीस सुरू होते. प्रेझेंत निवडत नाहीत, तो पाळीने येतो. वाड्यावर क्रिस्तांवांची एकवीस घरं आहेत आणि कोपेलाच्या वहीत त्यांना नंबर दिले आहेत. दर वर्षी एक घर. आगुशचं घर चौदावं.

त्या घराची पाळी एकोणीसशे त्र्याऐंशी साली आली, तेव्हा आगुश अठरा वर्षांचा होता आणि त्याने फादरांच्या डोक्यावर छत्री धरली होती. कणस त्याच्या बापाने कापलं. दोन हजार चार साली परत आली, तेव्हा थोरला भाऊ घरात होता. त्याने कापलं, आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीज पासपोर्ट करून तो इंग्लंडात स्विंडनला गेला. आगुशने त्या वेळी कणसांची टोपली धरली होती. आता दोन हजार पंचवीस. यापुढची पाळी दोन हजार सेहेचाळीसला, तेव्हा आगुश एक्याऐंशीचा असेल. त्याच्या घराण्यात त्र्याहत्तरच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

वहीत एक नियमही होता. फादरांची प्रार्थना संपेपर्यंत प्रेझेंत शेतावर नसेल तर पुढच्या घराने कापायचं, आणि पाळी झाली असं धरायचं. सहाव्या घराचा माणूस एकदा जहाजावर अडकला होता. सातव्याने कापलं. सहाव्यापुढे बरोबरची खूण झाली आणि त्याची बायको अजून त्या विषयावर बोलत नाही.

यंदा वेळ अशी ठरली: मिरवणूक कोपेलातून आठला निघणार. फादरांना पुढच्या कोपेलात साडेनवाला पोचायचं होतं, त्यामुळे पाच मिनिटंही इकडेतिकडे होणार नव्हती. आणि शाळेच्या परिपत्रकात लिहिलं होतं की ध्वजवंदन ठीक आठ वाजता होईल, सर्व कर्मचाऱ्यांची उपस्थिती अनिवार्य.

आगुश जुलैच्या शेवटी विनोदिनीबाईंकडे गेला. बाई टेबलाच्या खणात खडूच्या पेट्या लावत होत्या.

"बाई, पंधराला दोन तास रजा होयी होती."

"पंधराला सुट्टी आहे, आगुश."

"होय. पण यावंच लागतं ना."

"यावं लागतं. पण दिवस सुट्टीचा आहे. सुट्टीच्या दिवशी रजा कशी लिहू? त्या रकान्यात आधीच 'सुट्टी' लिहिलेलं असतं."

आगुशने थोडा विचार केला. "मगे न येता बसलो तर?"

"तर गैरहजर."

"सुट्टीच्या दिवशी?"

"राष्ट्रीय सणाच्या दिवशी." बाईंनी पेटी बंद केली. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी नाही म्हणत नाही. तुमचं हे शेवटचं वर्ष. एकतीस ऑगस्टला तुम्ही निवृत्त होणार, मग मला कुणी असा झेंडा बांधून देणार आहे का? शिवाय यंदा झेंडा सरपंचबाईंच्या हस्ते. त्या दिवशी गुरुदासच्या हातात दोरी देऊ?"

खिडकीपलीकडे गुरुदास मास्तर पाढे म्हणून घेत होते. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी तो फादर एलियाझारांकडे गेला. फादर मोटारसायकलच्या चेनला तेल घालत होते.

"मीस चुकेल म्हणून भितोस?" फादर म्हणाले. "भिऊ नको. चौदाला संध्याकाळी मोठ्या चर्चीत मीस असा. ती पंधराचीच धरतात. ती ऐक, तू सुटलास. तीसुद्धा जमना, तर काम असा म्हणून मी तुका सूट देतो. तो अधिकार माका असा."

"मीस जमतली, फादर. कणसाचं काय?"

"कणसाचं काय?"

"सूट नको. कणस कापूक होया."

फादरांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "कणस कापणं सक्तीचं नाय, आगुश. त्याची सूट कशी देऊ? सक्तीच नाय तिथे सूट नाय."

"वेळ बदलूक जमात?"

"तीन कोपेलं रे माझ्या मागे. साडेनवाला पलीकडच्या वाड्यावर पोचलो नाय तर ते लोक फादर नसताना गायला सुरू करतात. गेल्या वर्षी केलं."

आगुश चालत घरी आला. वाटेत त्याने हिशोब नीट लावून पाहिला. सरकारला त्याची हजेरी हवी होती, ती देता येत होती. चर्चला मीस हवी होती, तीही देता येत होती, आणि नाही दिली तरी चर्च ऐकून घ्यायला तयार होतं. त्याला स्वतःला जे हवं होतं ते मात्र कुणीच सक्तीचं केलेलं नव्हतं, आणि म्हणून त्यासाठी अर्ज करायला कुठे जागाच नव्हती.

बायको अर्मिंदा व्हरांड्यात मिरच्या निवडत होती. शुक्रवारी ती म्हापशाच्या बाजारात बसायची. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, "शाळेतून शेत दिसतं?"

"दिसतं. मैदानाच्या खालीच तर असा."

"चालत किती?"

"मोठ्या रस्त्याने वीस मिनिटं. बांधावरून नऊ."

"मगे? झेंडा आठला. राष्ट्रगीत धरून दोन मिनिटं. फादरांची मिरवणूक आठला निघून शेतावर पोचायला पंधरा मिनिटं, बँडवाले दम खायला थांबतात ती दोन मिनिटं, प्रार्थना पाच मिनिटं. तुका मिळाली वीस. नऊ तुझी चाल. अकरा उरली."

हा हिशोब आगुशने केलाच नव्हता. त्याने तो पाठकोऱ्या कागदावर लिहून काढला आणि दोनदा तपासला. बरोबर होता.

"पण विळा धरूक येतो तुका?" अर्मिंदाने विचारलं.

त्याने शेवटचं भात कधी कापलं ते त्याला आठवेना. अर्मिंदा मात्र दर वर्षी दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. तिने आतून विळा आणला आणि परसातल्या गवताच्या जुडीवर त्याच्याकडून सराव करून घेतला.

"हात खाली. आणखी खाली. कणस कापतोस, नारळ पाडत नाय."

"खालीच असा."

"अंगठा आत घे. रक्त पडलं तर फादर पेंढी आल्तारावर घेणार नाय."

पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी गवत कापत राहिला. परस साफ झाला. शेजारचा रुझार दियश कुंपणावरून बघायचा. रुझार म्हापसा-डिचोली मार्गावर खाजगी बस चालवायचा आणि त्याचं घर पंधरावं होतं.

"आगुश, बरी तयारी चालली," तो म्हणाला. "पण झेंडा उशीर झाला तर? आमच्या बसीत सरपंच चढते कधी कधी. टाइमाचं तिचं काय खरं नाय."

"झेंडा ठीक आठला असा. परिपत्रक असा."

"बरं, बरं. मी आपला विळ्याला धार लावून ठेवतो. वहीत तसंच लिहिलंय म्हणून हां, दुसरं काय नाय."

चौदा तारखेच्या संध्याकाळी आगुश बसने मोठ्या चर्चला जाऊन पंधराची मीस ऐकून आला. परतल्यावर अबोली वर्तमानपत्रावर पसरली. ओपमूस इस्त्री करून पिशवीत घातला, आणि पिशवी व विळा अर्मिंदाकडे दिला. ती मिरवणुकीबरोबर शेतावर घेऊन येणार होती. शुक्रवार असूनही ती बाजाराला जाणार नव्हती.

पंधराला सकाळी बारीक पाऊस होता. सात वाजता आगुशने झेंड्याची घडी घातली, फुलं भरली, फास दिला. पाऊण तासाने मुलं आली. आठला पाच कमी असताना पालक, गुरुदास मास्तर, शेजारच्या अंगणवाडीच्या बाई, सगळे रांगेत होते. गुरुदास मास्तरांनी माईक तपासला आणि आवाज मैदानाखालच्या शेतांवरून फिरून परत आला. आठ वाजले. फक्त सरपंच आल्या नव्हत्या.

सरपंच यशोदाबाई आधी पंचायतीत झेंडा फडकवून, मग सोसायटीत फडकवून, मग शाळेत येणार होत्या. विनोदिनीबाईंनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. आठ वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं की सोसायटीत भाषण चालू आहे.

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"त्यांचंच," पलीकडून कुणीतरी सांगितलं.

आगुश खांबापाशी दोरी धरून उभा होता. दोरी सोडता येत नव्हती. पावसाने कापड जड झालं होतं, आणि ताण सैल झाला तर घडी घसरून फास आवळला गेला असता. मैदानाच्या कडेपलीकडे, खाली, कोपेलाचं शेत दिसत होतं. आठ-दहाला मिरवणूक वळणावर दिसली. पुढे क्रूस, मग दोन कर्णे आणि एक ढोल, मग फादरांची छत्री. बँडवाले दम खायला थांबले. अर्मिंदाचा अंदाज बरोबर होता.

आठ-सतराला मिरवणूक शेतावर पोचली. अकरा मिनिटं केव्हाच संपली होती.

विनोदिनीबाई खांबापाशी आल्या. त्यांनीही खाली पाहिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आगुश, तुम्ही जा. मी धरते दोरी."

त्यांनी हात पुढे केला. हातात रुमाल होता, तो त्यांनी पर्समध्ये टाकला आणि पुन्हा हात पुढे केला.

आगुशने हाताकडे पाहिलं. बाई खरंच बोलत होत्या. अजून निघाला तर प्रार्थना संपता संपता पोचला असता, बांधावरून धावत. पण दोरी किती ताणून धरायची, सरपंचांच्या हातात कोणती दोरी द्यायची आणि कोणती द्यायची नाही, हे सांगायला वेळ लागला असता. सांगूनही ते हातांना कळलं नसतं. झेंडा अडकला असता तर खुलासा बाईंनीच लिहायचा होता. गेल्या खेपेचा त्याने नेऊन दिला होता.

"सरपंचबाय आली की जातो," तो म्हणाला.

"तोवर उशीर होईल."

"होय."

 बाईंनी आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली. तशी गरज नव्हती, पाऊस जवळजवळ थांबला होता.

खाली फादरांनी पुस्तकातून वाचायला सुरुवात केली. शब्द ऐकू येत नव्हते, पण लोकांच्या माना कधी वाकतात त्यावरून आगुशला कुठवर आलं ते कळत होतं. तिसऱ्यांदा माना वाकल्या. फादरांनी पाणी शिंपडलं, पुस्तक मिटलं आणि शाळेच्या दिशेने पाहिलं. चांगलं अर्धा मिनिट पाहिलं. मग गर्दीतून रुझार पुढे आला. त्याचा विळा चकचकीत होता, इतक्या लांबून चमकला.

मग तिथे काहीतरी बोलणं झालं. लोक जवळ सरकले, छत्र्या एकमेकींत अडकल्या. आगुशला काही दिसेना. छत्र्या बाजूला झाल्या तेव्हा मध्ये लाल ओपमूस होता. रुझारने घातला, असं आगुशला वाटलं. पण ओपमूस गुडघ्यांच्याही खाली आला होता, आणि रुझार सहा फूट उंच.

मग तो लाल रंग वाकला. हात अगदी खाली गेला, अंगठा आत. आगुशने ती वाकण्याची पद्धत पंधरा दिवस रोज परसात पाहिली होती आणि त्याला एकदाही जमली नव्हती. दोन झटके, आणि पेंढी वर आली. बँड वाजू लागला.

"कोण ते?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"आमची," आगुश म्हणाला.

त्याच क्षणी सरपंच यशोदाबाई नवऱ्याच्या स्कूटरवरून उतरल्या, "माफ करा हां, माफ करा, पुढे ते पाणीपुरवठ्याचे प्रश्न निघाले," असं म्हणत खांबापाशी आल्या. आगुशने त्यांच्या हातात दोरी दिली. एक झटका. झेंडा सुटला आणि अबोलीची फुलं यशोदाबाईंच्या केसांवर आणि विनोदिनीबाईंच्या छत्रीवर पडली. गुरुदास मास्तरांनी माईकवर राष्ट्रगीत सुरू केलं.

आवाज शेतांवरून गेला. खाली बँड आधी अडखळला, मग थांबला. बांधावर एका रांगेत निघालेली मिरवणूक जिथल्या तिथे उभी राहिली, क्रूसवाला, फादर, रुझार, आणि पेंढी छातीशी धरलेली अर्मिंदा. बांध अरुंद होता आणि चिखलाचा, त्यामुळे काहीजण सावधान उभे राहताना थोडे हलत होते. राष्ट्रगीत संपलं. बँडने राहिलेल्या सुरापासून पुढे वाजवायला घेतलं.

आगुश कोपेलात पोचला तेव्हा फादरांचं प्रवचन संपून दानाची पिशवी फिरत होती. जुन्या लोकांच्या मते तेव्हा आलेल्या माणसाची मीस झाली असं धरत नाहीत. पण त्याची आदल्या दिवशीच झाली होती, त्यामुळे त्या बाबतीत काही बाकी नव्हती. तो मागे दाराशी उभा राहिला. पेंढी आल्तारावर होती. अर्मिंदा पुढच्या बाकावर प्रेझेंताच्या जागी बसली होती आणि तिच्या सपातांचा चिखल बाकाखालच्या लाकडी फळीला लागला होता.

शेतावर काय बोलणं झालं ते त्याला नंतर फादरांनी सांगितलं. रुझारने विळा काढला तेव्हा अर्मिंदा म्हणाली होती, "थांब. घर हजर असा."

"आगुश खंय?"

"आगुश शाळेत. वहीत आगुश लिहिलाय? वाच. वहीत चौदा लिहिलंय. चौदा मी नाय?"

"बायलमनशेनी कणस कापलेलं कुणी पाहिलंय?"

"तुझ्या शेतातलं गेल्या वर्षी कुणी कापलं, रुझार? मी आणि तुझी बायको. तू बसीवर होतास."

यावर काही लोक हसले, आणि रुझारही थोडा हसला, कारण ते खरं होतं. फादरांनी वही मागवली. ती कोपेलात राहिली होती. मग ते आठवून म्हणाले की वहीत नावं नाहीत, नंबर आहेत, आणि त्यांना साडेनवाला दुसरीकडे पोचायचं आहे. एवढ्यावर निर्णय झाला.

दुपारी पाऊस पुन्हा लागला. प्रेझेंताने कणसं घरोघर पोचवायची असतात, प्रत्येक दारात तीन. अर्मिंदा पुढे आणि आगुश मागे टोपली घेऊन, असे दोघे निघाले.  एका वळणावर ती थांबली.

"मी विचारूक होया होतं तुका," ती म्हणाली. "पण तू लांब होतास."

"विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं?"

"नको म्हटलं असतंस."

आगुशने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "होय," तो म्हणाला.

वाटेत शाळा लागली. विनोदिनीबाई मिठाईचे रिकामे खोके मोजून घेऊन निघाल्याच होत्या. त्यांनी तीन कणसं दोन्ही हातांनी घेतली, चतुर्थीच्या आधी घरी नवं आलं म्हणाल्या, आणि अर्मिंदाला विचारलं, "विळा चालवायला भीती नाही वाटली? सगळे बघत होते."

"विळ्याची कसली भीती, बाई. तो ओपमूस पायात येत होता."

पंधराव्या घरी रुझार दारातच बसला होता. आज त्याची बस बंद होती. त्याने कणसं घेतली, सायबिणीच्या फोटोमागे खोचली, दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग आगुशकडे बघून म्हणाला, "खरं सांग. तुका वायट नाय वाटलं?"

अर्मिंदाने बशीतला चहा फुंकला. ती वर बघत नव्हती.

"वाटलं," आगुश म्हणाला. "अजून वाटतं."

 रुझारच्या बायकोने बिस्किटं पुढे केली आणि अर्मिंदाने एक घेतलं.

"पुढल्या खेपेला माझी एक्याऐंशी," आगुश म्हणाला.

"आणि माझी अठ्ठ्याहत्तर," अर्मिंदा म्हणाली. "तू कापशील. मी बाजूक उभी राहून सांगतली."

"हात खाली म्हणून."

"म्हणूनच."

रुझार म्हणाला, त्या साली पंधरावं घरही तयारीत राहील. आगुशने चहा संपवला, कप उलटा घालून ठेवला आणि टोपली उचलली. अजून सहा घरं राहिली होती.